गुंजवण्याच्या साहेबाचा आवाज

सोपानराव गेल्याची बातमी मला फ्लेक्सवरून कळली. मी एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाला वेल्ह्याकडे निघाले होते. मार्गासनीला एसटी थांबली, खिडकीतून सहज समोर पाहिलं, तर दोन बांबूंना बांधलेल्या फ्लेक्सवर साहेबी टोपी घातलेले सोपानराव. चिकटवलेली मिशी, छातीवर खोटी पदकं आणि मागे कुणीतरी संगणकावर आणून बसवलेला बर्फाचा डोंगर. वर ठळक अक्षरांत ‘आंतरराष्ट्रीय अभिनेते’. मला वाटलं, आला वाटतं कुठला नवा सिनेमा. मग नजर खाली गेली. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्याखाली एकवीस जणांचे हसरे फोटो, त्यांच्या नावांवर ‘शुभेच्छुक’ असं छापलेलं. श्रद्धांजलीला शुभेच्छुक! त्या एकवीस जणांतल्या निम्म्यांनी या माणसाच्या घरचं पाणी जन्मात कधी तोंडाला लावलं नव्हतं. शेजारी बसलेल्या बाई माझ्या नजरेच्या रोखानं बघत म्हणाल्या, “त्यो न्हवं का पिच्चरमदला गोरा? गुंजवन्याचा. परवाच्या दिशी शेळ्यांना पाला घालता घालता बसला, त्यो उठलाच न्हाई.” एसटी हलली. लग्नात मी काय जेवले ते आठवत नाही. फ्लेक्सवरचा तो डोंगर मात्र आठवतो, कारण सोपानरावांनी आयुष्यात बर्फ पाहिला असेल तर तो रसवंतीच्या गाड्यावर.

तेराव्यानंतर शाळेनं शोकसभा घेतली. शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तेवढा मान त्यांना द्यायची माझी इच्छा नाही. वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या त्या शाळेत मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि सोपानराव तिथे शिपाई होते. आताचे मुख्याध्यापक त्यांना एकदाही भेटलेले नाहीत, तरी अर्धा तास बोलले. ‘आमच्या शाळेच्या मातीत घडलेला हिरा’ वगैरे. आमचे विज्ञानाचे सर, तेही निवृत्त, डोळे पुसत म्हणाले की सोपान माझ्या भावासारखा होता. हेच सर नववीच्या वर्गात शिकवायचे, की अंगावरचं कोड शिवल्यानं लागत नाही, तो रोग संसर्गजन्य नाही. तास संपवून शिक्षकांच्या खोलीत आले की सोपानरावांच्या हातचा चहा मात्र ‘पित्त होतं हो’ म्हणून नाकारायचे. वीस वर्षं त्यांना पित्त होत होतं. मला व्यासपीठावर बसवलं होतं, दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि मी “नको” म्हणून खाली बसले. तिथे बोलले असते तर सभा मोडली असती. म्हणून इथे लिहिते आहे.

तर कोड. ज्यांनी सोपानरावांना पाहिलं नाही त्यांना हे आधी सांगायला हवं. ते शाळेत लागले तेव्हा विशीतले होते, ओठांच्या कोपऱ्यात आणि बोटांच्या टोकांना पांढरे ठिपके आलेले. पस्तिशीत पोचेपर्यंत ते नखशिखान्त पांढरे झाले. गहू-तांदळासारखे वगैरे नाही, साफ पांढरे. उन्हात दहा मिनिटं थांबले की लाल व्हायचे. डोळे मुळातच घारे. नाक सरळ. गावानं काय करावं? गावानं त्यांना जत्रेच्या नाटकात साहेब केलं. आमच्याकडच्या जत्रांतल्या नाटकात साहेब असतोच, आणि तो कसा बोलतो हेही ठरलेलं असतं. “टुम काला आडमी हमको लगान नही डेटा?” असं ओरडत, छडी आपटत, आणि शेवटच्या अंकात मार खात. सोपानराव दर वर्षी साहेब व्हायचे आणि गावातली पोरं दर वर्षी त्यांना खरोखरीचं बदडायची. दुसऱ्या दिवशी ते सुजलेल्या खांद्यानं घंटा वाजवायचे. घरात भाकरी पोचवायलाही जो माणूस चालत नव्हता, तो मार खायला मात्र सगळ्या गावाला चालत होता.

शाळेत सगळे त्यांना ‘सोप्या’ म्हणत. मी म्हणत नसे. मी ‘सोपानराव’ म्हणायचे, ‘अहो-जाहो’ करायचे आणि त्यांच्या हातचा चहा प्यायचे. त्याचा मला फार अभिमान होता. इतरांकडे बघून मी मनातल्या मनात नाक मुरडायची, आणि चहाचा कप जरा उंच धरून प्यायची, सगळ्यांना दिसेल असा.

भोरला शूटिंगचं कुणाला अप्रूप नाही. मी भोरची. आमच्या आळीत कुणाची बैलगाडी, कुणाचा टांगा, कुणाची आजी वर्षातून दोनदा तरी पडद्यावर जाऊन येते. राजवाड्यासमोर दिवे लागले की लोक वळसा घालून मंडईत जातात आणि वर शिव्या देतात. सिनेमावाल्यांना माणसं पुरवणारा एक जण सोपानरावांना जत्रेत पाहून गेला आणि पुढच्या महिन्यात त्यांना भोरला घेऊन आला. गोरा माणूस मुंबईहून आणायचा म्हणजे त्याची हॉटेलं, त्याच्या पाण्याच्या बाटल्या... आणि इथे गुंजवण्याचा गोरा एसटीनं येतो आणि पिठलं-भाकरी खातो. सोपानराव कलेक्टर झाले, पोलीस कप्तान झाले, कुणा राणीच्या दरबारातले वकील झाले. मागे उभं राहायचं आणि छडी काखेत धरायची, एवढंच काम. क्वचित एखादं वाक्य मिळालं तर सिनेमा लागल्यावर कळायचं की तोंड सोपानरावांचं हलतंय आणि मुंबईतला कुणीतरी भलताच माणूस त्यातून “टुम, टुम” करून ओरडतोय.

हे बदललं ते डोराबाईंमुळे. परदेशी पैशांवरचा एक सिनेमा भोरला आला, त्यातल्या नटांचे इंग्रजी उच्चार तपासायला सत्तरीतली एक विलायती बाई आली होती. तिचं नाव काहीतरी लांबलचक होतं. भोरनं त्याचं डोराबाई केलं. या सिनेमात सोपानरावांना नुसतं उभं राहायचं होतं, पण बाईंच्या डोक्यावर छत्री कुणी धरायची हा प्रश्न आला आणि उन्हात लाल होणारे दोघेच, म्हणून छत्री सोपानरावांकडे आली. सहा आठवडे ते दोघं एका छत्रीखाली नदीकाठानं हिंडले. सोपानरावांना इंग्रजी येत होतं, हे मला तेव्हा कळलं. येणारच. माझ्या वर्गाच्या दाराबाहेर स्टुलावर बसून त्यांनी एवढी वर्षं माझे सगळे तास ऐकले होते. माझ्या वर्गातल्या बाकांवर बसलेल्यांपैकी फारच थोड्यांबद्दल असं म्हणता येईल.

डोराबाईंनी त्यांना जे शिकवलं ते इंग्रजी नव्हे. आवाज. जुन्या, शिकलेल्या, खानदानी साहेबाचा आवाज. जबडा सैल सोडायचा, वरचा ओठ हलवायचा नाही, शब्दाच्या शेवटचा ‘र’ गिळून टाकायचा, ‘ट’ म्हणताना आपण जीभ टाळूवर आपटतो तसं न करता ती दातांच्या मागे नुसती टेकवायची. जबडा उघडा राहावा म्हणून दाढांमध्ये काहीतरी धरून बोलायचं असतं. डोराबाईंचं त्यासाठीचं लाकडी खुंटीसारखं काहीतरी नदीत पडलं, तर सोपानरावांनी खिशातल्या चंचीतून सुपारी काढली, अडकित्त्यानं तिची दोन खांडं केली आणि एक त्यांना दिलं. तेव्हापासून दोघंही दाढेत सुपारी धरून बोलायचे. डोराबाई परत गेल्या, पण मोबाईलवर आवाज पाठवत राहिल्या. सोपानराव गुंजवण्यात धरणाच्या कडेला शेळ्या सोडून द्यायचे आणि खांड दाढेत धरून तासभर शेळ्यांना सांगायचे, की आजची हवा चहासाठी फार सुरेख आहे.

मला हसू यायचं. खोटं कशाला बोलू? मी एम.ए. झाले ते पोस्टानं, माझे उच्चार भोरचे, आणि भोरचे असून चांगले आहेत असं मला वाटायचं. शिपाई माणसानं इंग्रजीचे उच्चार शिकायचे म्हणजे काय, तर मोराची पिसं खोचून फिरायचं. खोलीत त्यांची टिंगल चालायची तेव्हा मी टिंगल करत नसे. मी नुसती हसायची, आणि मग सगळ्यांना सांगायची की कुणाच्या हौसेला हसू नये.

एकदा मी दहावीला धडा वाचून दाखवत होते. वाचता वाचता लक्षात आलं की वर्ग माझ्याकडे बघतच नाहीये. पोरांच्या माना दाराकडे. बाहेर स्टुलावर बसून सोपानराव माझ्या मागोमाग तेच वाक्य पुटपुटत होते, अगदी हळू, स्वतःशीच. आणि तेच वाक्य त्यांच्या तोंडून आलं की वेगळं वाटत होतं. ते त्या पुस्तकातून उठून आल्यासारखं वाटत होतं, आणि माझ्या तोंडचं फळ्यावरून खरवडून काढल्यासारखं. पहिल्या बाकावरची एक मुलगी हसली. माझ्यावर हसली की कौतुकानं हसली, ते मला आजही माहीत नाही. मी पुस्तक मिटलं, दारात गेले आणि म्हणाले, “हं... सोपानराव, जरा पलीकडे बसता का?” आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नसे. ते उठले, स्टूल उचललं आणि पाण्याच्या टाकीजवळ नेऊन ठेवलं. टाकीजवळ सावली नाही. ते स्टूल पुढं सहा वर्षं, सोपानराव निवृत्त होईपर्यंत, तिथेच होतं. मधल्या सुट्टीत ते घंटा वाजवायला यायचे तेव्हा त्यांची मान आणि कान भाजून लाल झालेले असायचे. मी बघायची. ‘या आता परत इकडे’ एवढं म्हणायला काही लागत नव्हतं... मी म्हटलं नाही.

निवृत्तीनंतर ते महिन्या-दोन महिन्यांनी भोरला माझ्याकडे येत. शूटिंगला आले की येत, नुसतेही येत. मी पडवीत प्लास्टिकची खुर्ची टाकायची, ते तिथे बसायचे, चहा प्यायचे. आत कधी आले नाहीत. मला वाटायचं, संकोची माणूस आहे. येताना गुंजवण्याचा आंबेमोहर घेऊन यायचे, पिशवीत बांधून. त्यांची स्वतःची भातखाचरं धरणात गेली होती; हा तांदूळ भावकीतल्या कुणाच्या तरी शेतातला असायचा आणि तो मागताना त्यांनी काय ऐकून घेतलं असेल, ते विचारायचं मला सुचलं नाही. मी तो तांदूळ घ्यायची आणि म्हणायची, “कशाला उगाच?”

एकदा त्यांना विचारलं, “सोपानराव, आता वय झालं. कशाला ती सुपारी चावत बसता? तो आवाज ऐकणार कोण?”

“एकडाव ऐकला पायजे बाई,” ते म्हणाले. “अकरा पिच्चर झाले. अकराबी ठिकानी त्वांड माजं आन आवाज दुसऱ्याचा. म्या मेल्यावर पोरीनं पिच्चर लावला तर तिला बाप दिसंल, पर बोलंल दुसराच कोन तरी. एकदाच... एकाच पिच्चरमदी माजा आवाज ऱ्हायला पायजे. मग बास.”

मी म्हटलं, “हं.” पण तेवढ्यासाठी हा माणूस पंधरा वर्षं शेळ्यांशी इंग्रजीत बोलत होता, हे त्या दिवशी मला नीट कळलं.

मग ते म्हणाले, “डोराबाई म्हनायच्या, ह्यो आवाज तोंडात नसतो. आपलं बोलनं सपस्तवर समोरचा थांबनारच, ही जी खात्री असती ना, तिच्यात असतो. खरा मोठा साहेब वरडत न्हाई. त्याला वरडायची गरजच पडत न्हाई. मला म्हनल्या, तुज्या वळखीत असं कोन हाय का बघ, आन त्याच्यावानी बोल.”

“मग सापडलं का कुणी?”

सोपानराव हसले आणि बशीतला चहा फुंकत बसले. मला वाटलं, धरणाच्या वेळी मोजणीला आलेला तो अधिकारी असणार. त्याची गोष्ट त्यांनी मला पूर्वी सांगितली होती. फार गोड बोलायचा म्हणे, सगळ्यांना ‘आपण’ म्हणायचा. मी मनातल्या मनात त्या अधिकाऱ्याला चार शिव्या हासडल्या आणि कप उचलून आत गेले.

त्यानंतर तो सिनेमा आला. इंग्रजांच्या काळातलं धरण, बुडणारं गाव, आणि गावाला नोटीस वाचून दाखवणारा साहेब. साहेबाला पाऊण पानाचं भाषण होतं आणि ते सोपानरावांना मिळालं. शूटिंग झाल्यावर ते माझ्याकडे आले. त्या दिवशी ते पडवीत बसलेच नाहीत, उभ्यानंच सगळं सांगितलं. दिग्दर्शक पोरगा होता, पायात महागडे बूट. तो म्हणाला, “काका, एकदम चिडून घ्यायचं. तुम लोग, गाँव खाली करो, टाइपचं. पब्लिकला साहेब लगेच कळला पाहिजे.” पब्लिकला साहेब कळावा म्हणून साहेबानं विदूषक व्हायचं, ही त्यांची अक्कल. सोपानराव म्हणाले, “साहेब, एकडाव माज्या पद्धतीनं करू का? मग तुमच्या.” पोरानं घड्याळ बघितलं आणि हो म्हणाला.

समोर गावकरी म्हणून उभी केलेली बाया-माणसं आजूबाजूच्याच गावांतली होती, त्यातली कितीतरी खरोखरच धरणासाठी उठवलेल्या घरांतली. सोपानरावांनी कागद उघडला आणि हळू आवाजात, शांतपणे, जणू चहाचं आमंत्रण देतोय अशा थाटात नोटीस वाचली. इंग्रजी त्या बायांना कळत नव्हतं. पण आधी चाललेली कुजबूज थांबली. आणि गर्दीतली एक म्हातारी, जिला कुणी काही बोलायला सांगितलं नव्हतं, ती हात जोडून पुढं आली आणि म्हणाली, “साहेब, भात काढूस्तवर तरी ऱ्हाऊ द्या.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय बाई, कागदातलं शेवटचं वाक्य ऱ्हायलं हुतं. अर्ज घिऊन आल्याल्या मानसांना बाहेर थांबवायचं. तेच तिला म्हनलं. ‘काइंडली वेट आउटसाइड.’ म्हातारी माघारी गेली, खाली बसली आन रडाय लागली. खरंच रडाय लागली. झाल्यावर म्या टोपी काढून तिला पानी द्यायला गेलो, तर तिनं माज्या हातचं घेतलं न्हाई. उभ्या जन्मात किती जनांनी माज्या हातचं पानी घेतलं न्हाई. पर पयल्यांदाच बरं वाटलं बाई. कोडाचा म्हनून न्हाई... साहेब म्हनून घेतलं न्हाई.”

दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या, ‘भारी, भारी’ म्हणाला, आणि लगेच दुसऱ्या पद्धतीनं घेतलं. सिनेमात काय राहिलं ते सांगायलाच नको. मी भोरहून खास पुण्याला जाऊन पाहिला. सोपानरावांचं तोंड, आणि कुणा भाडोत्री घशातून निघालेलं “टुम लोग”. शेजारी बसलेलं कुटुंब मक्याच्या लाह्या खात हसलं. लाज त्या दिग्दर्शकाला वाटायला हवी होती, पण त्याला ती कुठून असणार? त्याची तर पुढच्या आठवड्यात पेपरात मुलाखत आली, ‘मातीशी नातं’ या विषयावर.

आता आमची शेवटची भेट. तीन महिन्यांपूर्वी सोपानराव आले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले. थकलेले होते. मी आधीच म्हणाले, “पाहिला मी सिनेमा. तेच टुम-टुम.” ते म्हणाले, “त्यो आवाज माजा न्हाई बाई. माजा हितं हाय.” आणि त्यांनी खिशातून मोबाईल काढला. आवाज पकडणाऱ्या पोरानं, त्या अख्ख्या तांड्यात तेवढा एक माणूस निघाला, त्यांच्या पद्धतीनं घेतलेलं सगळं त्यांना गुपचूप पाठवलं होतं. “डोराबाई असत्या तर त्यांना पाठिवलं असतं. त्या गेल्या. आता तुमीच ऱ्हायल्या. इंग्रजीतलं तुमाला कळतं. जरा ऐकता का?”

मी म्हणाले, “हं... पुढच्या वेळी ऐकू या का? आज जरा घाई आहे.”

मला कसलीही घाई नव्हती. मला त्यांचा हेवा वाटत होता. जी गोष्ट मी सव्वीस वर्षं फळ्यासमोर उभी राहून शिकवली, ती दाराबाहेर बसून हा माणूस माझ्यापेक्षा चांगली शिकला, आणि आता त्याबद्दल शाबासकी मागायला माझ्याच पडवीत आला, हे मला सहन होत नव्हतं. सोपानरावांनी मोबाईल खिशात ठेवला. “व्हय, व्हय, पुढच्या येळेला,” म्हणाले आणि तांदळाची पिशवी खुर्चीवर ठेवून एसटी गाठायला निघाले. विज्ञानाच्या सरांना पित्त व्हायचं, मला घाई झाली.

गेल्या रविवारी त्यांची मुलगी आली. सुनंदा. नसरापूरच्या एका दवाखान्यात काम करते, बापासारखीच घाऱ्या डोळ्यांची. दारात उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, आबांनी सांगून ठेवलं होतं, त्यांचा आवाज तुम्हाला ऐकवायचा म्हणून.” तिच्या हातात तोच मोबाईल होता. मला काही सुधरेना. चष्मा आत राहिला होता. ऐकायला चष्मा कशाला लागतो? पण मी म्हणाले, “हं... जरा बाहेर थांबतेस का, चष्मा घेऊन येते.”

ती एकदम हसली. मग तिनं तोंडावर हात ठेवला.

“काय झालं ग?”

“काही नाही बाई,” ती म्हणाली, आणि पडवीतल्या त्या खुर्चीत बसली. तिनं मोबाईल लावला.

आधी नुसती कुजबूज, कुणाचा तरी खोकला, लांबवर शेळीच्या गळ्यातली घंटा. मग सोपानराव. मला इतकं सुंदर इंग्रजी कधी बोलता आलं नाही, येणारही नाही. एकही शब्द घाईत नाही, एकही जोरात नाही. घरं, शेतं, झाडं, देऊळ, एकेक नाव घेऊन ते काढून घेत होते आणि ऐकताना वाटत होतं की हा माणूस आपलं भलंच करतोय. मग म्हातारीचा आवाज आला. “साहेब, भात काढूस्तवर तरी ऱ्हाऊ द्या.” आणि मग सोपानराव, वाक्याच्या आधी, अगदी मऊपणे म्हणाले, “हं...” आणि थांबले. आणि मग तिला बाहेर थांबायला सांगितलं.

तो ‘हं’ कुठल्याही साहेबाचा नव्हता. कुठल्या अधिकाऱ्याचाही नव्हता. तो मी ओळखला. पहिल्या शब्दालाच ओळखला.

सुनंदा मोबाईलकडे बघत म्हणाली, “आबा म्हणायचे, तोंड डोराबाईंनी बसवलं, पण साहेब आपल्या बाईंचा उचललाय.”

“रागानं म्हणायचे का ग?”

“छे हो! कौतुकानं. तिथं टाकीपाशी बसून तुमचा प्रत्येक तास ऐकायचे ते. म्हणायचे, एवढ्या वर्षांत बाईंनी कधी आवाज चढवला नाही.”

मी तिला आत ये म्हणाले. दोनदा म्हणाले, हात धरून म्हणाले. ती म्हणाली, “नको बाई, एसटी आहे,” आणि आवाज माझ्या मोबाईलवर पाठवून निघून गेली. बारा सिनेमांत जो आवाज कुणी राहू दिला नाही, तो आता एका म्हाताऱ्या मास्तरणीच्या मोबाईलवर आहे. रोज लावते. शेवटपर्यंत ऐकते.

ती गेल्यावर मी पडवीतली खुर्ची उचलून आत आणली. माझं घर दोन खोल्यांचं, तिला ठेवायला धड जागा नाही. मधोमधच ठेवली आहे. जाता-येता पायाला लागते. लागू दे.